आई-वडिलांना घेऊन किन्नौर: कुठे राहावं, किती थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. आई ६४ वर्षांची, गुडघे दुखतात. हाताशी दहा-अकरा दिवस आहेत. केदारनाथ-बद्रीनाथची गर्दी नको, पण हिमालयातली जुनी देवळं आणि डोंगरातली गावं निवांत पाहायची आहेत. एका टूरवाल्याने मे महिन्यासाठी सिमला, सांगला, कल्पा, काझा आणि मनाली असा नऊ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. तो घ्यावा का?

घेऊ नका. पुण्याहून छोटे गट घेऊन मी बरीच वर्षं या रस्त्याने जातो, गटात साठीच्या पुढची मंडळीच जास्त असतात, त्यामुळे हे ठामपणे सांगतो. काझाहून मनालीला जायला कुंझुम खिंड ओलांडावी लागते. ती साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि बहुतेक वर्षी जून उजाडल्याशिवाय गाड्यांना नीट खुली होत नाही. मे महिन्यात ती बंद निघाली तर आल्या वाटेने सिमल्यापर्यंत मागे यायचं, म्हणजे दोन-तीन दिवस नुसते गाडीत. शिवाय काझा साधारण ३,६५० मीटर उंचीवर आहे. घर सोडल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री रक्तदाबाच्या माणसाला तिथे झोपायला लावावं, असं मला वाटत नाही. आणि तुम्हाला निवांत पाहायचं आहे. त्या कार्यक्रमात हजारेक किलोमीटर घाटरस्ता आहे आणि जवळपास रोज नवं हॉटेल. देवळं दिसतील, पण गाडीतून उतरून फोटो काढण्यापुरती.

माझ्या मते स्पिती, म्हणजे काझाकडचा भाग, पूर्ण सोडून द्या आणि हे सगळे दिवस सराहन आणि हिमाचलच्या किन्नौर जिल्ह्याला द्या. जाताना नारकंड्यात एक रात्र, सराहनला दोन, सांगला खोऱ्यात तीन, कल्प्यात दोन आणि परतताना पुन्हा एक रात्र नारकंड्यात. यात नारकंडा सोडला तर उंची हळूहळू वाढते आणि झोपण्याची कुठलीही जागा ३,१०० मीटरच्या फार वर जात नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकाच गावात सलग दोन-तीन सकाळी मिळतात. किन्नौरची देवळं समजायची तर त्या सकाळी हव्यातच, कारण इथे देऊळ गावापासून वेगळं काढून पाहता येत नाही.

पुण्या-मुंबईहून चंदिगडला विमानाने या. सवड असेल तर कालका ते सिमला छोट्या आगगाडीने जा. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांना त्यात काहीच त्रास नाही. मात्र पाच-सहा तास लागतात, त्यामुळे त्या दिवशी सिमल्यातच राहायचं आणि नारकंड्याची जातानाची रात्र वगळायची. सिमल्यात यापेक्षा जास्त वेळ घालवू नका. मे महिन्यात मॉल रोडवर दादरच्या फूलबाजाराइतकी माणसं असतात.

पुढे रामपूर. हे सतलजच्या काठावर आहे, उंची जेमतेम हजार मीटर, म्हणून मेमध्ये चांगलंच उकडतं. स्वेटर वरच्या पिशवीत ठेवून इथवर सुती कपड्यांतच या. हे बुशहर संस्थानच्या राजधानीचं गाव. नोव्हेंबरात इथे लवीचा मोठा व्यापारी मेळा भरतो. रामपूरच्या पुढे ज्यूरीला मुख्य रस्ता सोडून वर वळलं की सतराएक किलोमीटरवर सराहन लागतं, २,१५० मीटरच्या आसपास.

सराहनचं देऊळ भीमाकालीचं. ती बुशहर राजघराण्याची कुलदेवता. हिमाचलचे सहा वेळा मुख्यमंत्री झालेले वीरभद्र सिंह याच घराण्यातले. गावातली परंपरा सराहनला बाणासुराचं शोणितपूर मानते, म्हणजे आपल्याला हरिविजयातून माहीत असलेली उषा-अनिरुद्धाची कथा इथली. आईंना हे आधी सांगून ठेवा, त्या देवळाकडे वेगळ्याच ओढीने पाहतील.

देऊळ पाहताना आधी भिंत पाहा. देवदाराचे लांब ओंडके आडवे टाकायचे, त्यांच्यामध्ये घडीव दगडांचा थर सुका रचायचा, वर पुन्हा ओंडके. कोपऱ्यावर दोन भिंतींचे ओंडके एकमेकांवर आळीपाळीने बसवून लाकडी खुंट्यांनी अडकवायचे. चुना नाही, सिमेंट नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. जमीन हादरली की दगड जरासे सरकतात आणि पुन्हा बसतात, लाकूड सगळ्यांना धरून ठेवतं. देवदारात तेल असल्याने कीड आणि ओल त्याला सहज लागत नाही. वरचा मजला लाकडी सज्जासारखा भिंतीबाहेर काढलेला असतो आणि छपराला दगडी पाट्या असतात. भीमाकालीचे असे दोन उंच मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. जुना मनोरा १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात झुकला आणि नंतरच्या एका हादऱ्यात पुन्हा सरळ झाला, असं गावकरी सांगतात. देवी आता नव्या मनोऱ्यात आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर ती कुमारिका रूपात आणि त्याखालच्या मजल्यावर पार्वतीच्या रूपात पुजली जाते.

वर जायचे लाकडी जिने अरुंद आणि उभे आहेत, पायऱ्या पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत. आईंनी वर जावं की नाही हे तिथे पाहून ठरवा. अंगणात बसूनही आरतीचे ढोल-नगारे नीट ऐकू येतात आणि तेही दर्शनच आहे. आत जाताना डोकं झाकावं लागतं. टोपी दारातच मिळते. चामड्याचा पट्टा, पाकीट, कॅमेरा आणि मोबाइल बाहेर कपाटात ठेवायचे असतात, म्हणून वडिलांना त्या दिवशी नाडीची पँट घालायला सांगा. पट्टा काढल्यावर एका हाताने पँट धरून जिना चढणारे काका मी दर खेपेला पाहतो, आणि त्या जिन्यावर दोन्ही हात मोकळे असणं गरजेचं आहे.

सराहनला दोन रात्री सांगतो, कारण पहिल्या संध्याकाळी माणूस थकलेला असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलात तर समोर श्रीखंड महादेवाची रांग उजळताना दिसते आणि देवळाच्या आवारात पुजारी व गावकऱ्यांशिवाय कुणी नसतं. नऊनंतर दिवसभराच्या गाड्या येऊ लागतात. गावाजवळ तीतरवर्गीय पक्ष्यांचं प्रजननकेंद्र आहे. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा तिथे वाढवतात. अंडी-पिल्लांच्या दिवसांत ते बंद ठेवतात, तेव्हा मेमध्ये त्याचा भरवसा धरू नका.

सराहनहून सांगल्याचा रस्ता चारेक तासांचा आहे आणि तोच या प्रवासातला खरा घाट. कातळ कोरून काढलेला रस्ता, डोक्यावर पुढे आलेला खडक, खाली सतलज. तरंडा देवीच्या देवळापाशी बहुतेक ड्रायव्हर गाडी थांबवतात. तुम्हीही उतरून हात जोडा आणि पाय मोकळे करा. करछमला बास्पा नदी सतलजला मिळते. तिथे उजवीकडे वळलं की अठरा किलोमीटरवर सांगला. ज्यांना वळणांवर मळमळतं त्यांनी निघण्याआधी एक-दोन तास अ‍ॅव्होमिनची गोळी घ्यावी, पुढच्या सीटवर बसावं आणि पोट रिकामं ठेवू नये. रक्तदाबाच्या गोळीबरोबर कुठलीही नवी गोळी चालते का, ते डॉक्टरांना आधी विचारा.

आता थोडं देवांविषयी, कारण हे कळलं नाही तर सांगला म्हणजे नुसती सफरचंदाची बाग आणि बर्फाचा डोंगर.

किन्नौरच्या प्रत्येक गावाला स्वतःचा देव किंवा देवी आहे आणि गावाचा कारभार तिला विचारून चालतो. पाऊस कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता, शेजारच्या गावाच्या जत्रेला जायचं की नाही, हे देवतेपुढे मांडलं जातं. देवतेचा रथ असतो. दोन लांब लवचीक दांड्यांवरची पालखी, तिच्यावर धातूचे मुखवटे आणि माथ्यावर याकच्या केसांचे झुबके. ती खांद्यावर घेतली की झुलते, वाकते, मागे हटते, आणि त्या हालचालींतून गाव तिचं उत्तर वाचतं. देवता अंगात येऊन बोलणारा माणूसही असतो. कोकणातल्या शिमग्याला ज्याने पालखी नाचताना पाहिली आहे, ग्रामदेवतेला कौल लावताना पाहिला आहे, त्याला हे परकं वाटणार नाही. गावात रथ बाहेर निघालेला दिसला तर वाट सोडून बाजूला उभे राहा, हात लावू नका, आणि फोटोसाठी समोर जाऊ नका. कुणा जाणत्याला विचारलं तर बहुतेक वेळा बाजूने फोटो काढायला हरकत घेत नाहीत. विचारायचं मात्र आधी.

सांगला खोऱ्याची मुख्य देवी छितकुलची माथी. तिची कथा अशी सांगतात: ती वृंदावनहून निघाली, मथुरा, बद्रीनाथ, पुढे तिबेट, तिथून गढवाल आणि सिरमौर करत सराहनला आली आणि मग बास्पाच्या खोऱ्यात शिरली. वर चढताना एकेका गावाची राखण आपल्या आप्तदेवांकडे सोपवत ती शेवटच्या गावात स्थिरावली. म्हणून या खोऱ्यातली देवळं सुटी सुटी नाहीत. खाली सांगल्यात बेरिंग नाग, वर कामरूत बद्रीनारायण, पुढे बटसेरी, रकछम, आणि टोकाला माथी, अशी ती नात्यागोत्याने बांधलेली आहेत. हा क्रम डोक्यात ठेवून गेलात तर तोच रस्ता वेगळा दिसतो.

सांगल्याच्या वर कामरू आहे, बुशहरच्या राजांचं सर्वांत जुनं ठाणं. वर काठकुणी बांधणीचा उंच किल्ला आणि त्यात कामाख्या देवी. आवारात जाताना डोक्यावर टोपी आणि कमरेला शेला बांधावा लागतो, दोन्ही दारात देतात. मुख्य मनोऱ्याच्या आत बाहेरच्यांना सोडत नाहीत. इथली चढण गावातल्या गल्लीतून पायऱ्यांची आहे आणि चांगली दमवते. गुडघे दुखत असतील तर बद्रीनारायणाच्या देवळापर्यंत हळूहळू जाऊन तिथेच बसा; लाकडावरचं कोरीवकाम पाहायला तासभर कमी पडेल.

छितकुल ३,४५० मीटरवर आहे. या बाजूचं हे शेवटचं वस्तीचं गाव, पुढे पोलीसचौकी आणि सरहद्दीचा मुलूख. तिथे राहायची हौस सगळ्यांना असते. तुम्ही राहू नका. सांगला (२,६८० मीटर) किंवा रकछममध्ये (३,१०० मीटरच्या आत-बाहेर) झोपा आणि छितकुलला सकाळी लवकर जाऊन दुपारी परत या. दुपारनंतर तिथे बोचरा वारा सुटतो. माथीचं देऊळ गाडीतळापासून थोडं चालून आहे, फार चढण नाही. देवळाच्या ओट्यावर चढण्याआधी आणि कशालाही हात लावण्याआधी विचारा. बऱ्याच ठिकाणी बाहेरच्यांनी स्पर्श करू नये असा नियम असतो. त्यात अपमान वाटून घेऊ नये, तो देवीच्या घरचा रिवाज आहे. मग गावातून फिरा. घरांजवळच लाकडी धान्यकोठारं दिसतील. सहा महिन्यांचा हिवाळा काढणाऱ्या गावाचं धान्य त्यांत असतं, त्यामुळे दार ढकलून आत डोकावू नका.

राहायला हॉटेलपेक्षा रकछम-बटसेरीकडचं एखादं घर पाहा. घरातल्यांबरोबर लोखंडी शेगडीभोवती बसायला मिळतं. जेवणाचं मुळीच अवघड नाही. डाळ-भात-पोळी सगळीकडे मिळते आणि सांगल्याचा राजमा तर खाऊन पाहाच. ओगला म्हणजे कुट्टूची धिरडी मिळाली तर सोडू नका. घरच्या आजीला तुमचे आई-वडील दोन शब्द मोडक्या हिंदीत बोलले की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात. नाव विचारलंत तर उत्तरात बहुधा नेगी येईल. किन्नौरमधले खूप जण हे आडनाव लावतात.

सांगल्याहून कल्पा अडीच-तीन तास. खाली रेकाँग पिओ हे जिल्ह्याचं ठाणं, तिथे सरकारी रुग्णालय, एटीएम, औषधाची दुकानं आहेत. वर २,९६० मीटरवर कल्पा, समोर किन्नर कैलास. मे महिन्यात रांगेवर बर्फ भरपूर असतं. शिखरांच्या धारेवर उभा असलेला शिवलिंगाचा सुळका उघड्या डोळ्यांनी दिसतो, पण दुर्बीण असेल तर न्या. तो नेमका कुठला हे वडिलांना दाखवता येईल. कल्प्याच्या जुन्या वस्तीत नारायण-नागिणीचं देऊळ आणि बौद्ध गोम्पा जवळजवळ आहेत, आणि तीच घरं दोन्हीकडे जातात. सकाळी देवळात धूप, संध्याकाळी गोम्पात दिवा, यात तिथे कुणाला विसंगती वाटत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार मानले गेलेले श्याम सरन नेगी याच गावचे. इथे बर्फ लवकर पडतं म्हणून मतदान आधी घेतलं होतं, २५ ऑक्टोबर १९५१ ला. ते २०२२ मध्ये १०५ वर्षांचे होऊन गेले.

वस्तीत उतरताना उतार आहे म्हणून सोपं वाटतं. परतताना तोच चढ असतो. गाडी खाली बोलावून घ्या. पिओजवळ कोठी गावात चंडिकेचं देऊळ आहे, तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि गर्दी नसते. कल्पा ते रोघी रस्ता पायी करतात तो दरीच्या कड्यावरून जातो. आई-वडिलांसाठी पहिला किलोमीटरभर पुरे.

तब्येतीबद्दल थोडं. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि थंडीत पाणी कमी प्यायलं जातं याकडे लक्ष ठेवा. नव्या उंचीवर पहिल्या दिवशी चढण टाळा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं एकत्र आलं तर उंची लागली असं समजा आणि खाली या. छितकुलहून सांगल्याला आलं की साडेसातशे मीटर उतरलेले असता, बहुतेकांना तेवढ्याने बरं वाटतं. डायमॉक्स हे औषध या उंचीला सहसा लागत नाही. घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. पिओशिवाय रामपूरजवळ खनेरीचं रुग्णालय आहे, हे ड्रायव्हरला माहीत असतं.

गाडी सिमला किंवा रामपूरची घ्या, ड्रायव्हर तिथलाच हवा. सकाळी आठच्या आत निघायचं, अंधार पडण्याआधी मुक्कामाला. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी कितीही स्वस्त दिलं तरी इकडे येऊ नका. २०२१ च्या जुलैत बटसेरीला दरडीत नऊ पर्यटक गेले आणि पुढच्याच महिन्यात निगुलसरीला महामार्गावर दरड कोसळून अठ्ठावीस जणांचा जीव गेला. इथला डोंगर भुसभुशीत आहे, पाऊस पडला की दगड सुटतात. मेमध्ये अचानक पाऊस झाला तर त्या दिवशीचा प्रवास पुढे ढकला. छितकुलमध्ये एटीएमवर विसंबू नका, रोख रक्कम पिओ किंवा रामपूरला काढून ठेवा.

मे की ऑक्टोबर, हेही तुम्ही विचारलं आहे. मी ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा घेईन. हवा स्वच्छ, सफरचंदं झाडावर, चिलगोजे छपरांवर वाळत घातलेले, आणि उत्तरेकडची सुट्टीची गर्दी नाही. सफरचंदाच्या ट्रकांमुळे रस्त्यावर खोळंबा होतो आणि छितकुलला रात्री पारा शून्याजवळ जातो, एवढे दोन तोटे. मेच घ्यायचा असेल तर पहिला पंधरवडा घ्या. वीस मेनंतर सांगल्यात गाड्यांची रांग लागते. दिवाळीनंतर बरीच हॉटेलं बंद होतात.

तुमची परदेशातली बहीणही येणार म्हणता. तिचा पासपोर्ट परदेशी असेल तरी सांगला आणि कल्प्यापर्यंत परवाना लागत नाही. कल्प्याच्या पुढे नाको-ताबोकडे जायचं तर लागतो. ९९६ साली स्थापन झालेला ताबोचा मठ पाहावा असाच आहे, पण त्यासाठी वेगळी सहल करा, जून किंवा सप्टेंबरमध्ये, आणि आई-वडिलांची उंचीची सवय या वेळी कशी निघते ते पाहून.

आणि किन्नौरचा घाट वडिलांना नकोच वाटला, तर कुमाऊँत अल्मोड्याजवळ जागेश्वर आहे. देवदारांच्या दाट बनात, ओढ्याकाठी शंभराहून जास्त लहान-मोठी दगडी देवळं, उंची १,९०० मीटरच्याही खाली आणि चढण जवळपास नाही. तिथले लोक ते ‘नागेशं दारुकावने’ मधलं ज्योतिर्लिंग मानतात. आपण औंढा नागनाथला तेच मानतो, त्यामुळे तुमच्या वडिलांना पुजाऱ्यांशी बोलायला विषय आयताच मिळेल.

परतीचं विमान शेवटच्या दिवशी संध्याकाळचं काढा, सकाळचं नको. कल्पा ते नारकंडा सात तास, दुसऱ्या दिवशी नारकंडा ते चंदिगड सहा. मध्ये कुठे दरड पडली तर ती हटवायला अर्धा दिवस सहज जातो. नारकंड्याहून निघायच्या दिवशी वेळ असलाच तर तिथून आठ किलोमीटरवरच्या हाटू मातेच्या लाकडी देवळापर्यंत सकाळीच जाऊन या. रस्ता अरुंद आणि उभा आहे, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते, म्हणून सातच्या आत वर पोहोचायचं ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगा.